गरीची आणि पागेराची शिशं घरी ओतणं: खरंच पैसे वाचतात का?

गरवेकर_माशेल | १२ जून, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी माशेलचा. कुंभारजुव्याचा कालवा घरापासून सायकलवर दहा मिनिटं. सुट्टी असली की कधी मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी), कधी आगशीच्या बाजूला खडकात गरी (गळ) टाकून बसतो. तामसो आणि चोणक, या दोन माशांपायी घरच्यांची बोलणी खातो. खडकात गरवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, मासा लागो न लागो, शिसं (गरी बुडवायचं वजन) तिथंच राहतं. गेल्या रविवारी सकाळी सहा ते दहात नऊ गेली. दुकानात ऐंशी ग्रॅमचं एक पस्तीस रुपयांना. म्हणजे तीनशे पंधरा रुपये नदीला वाहिले आणि घरी आणलं काय, तर वीतभर शेंगाळं. काकांच्या पागेराचीही (फेकायच्या गोल जाळ्याचीही) पन्नासेक शिशं गळून पडलीत, ती वेगळीच.

तेव्हा ठरवलं की घरीच ओतायची. भंगारवाल्याकडून चार किलो माल आणला, किलोला १७० रुपये. त्यात जुन्या नळाचे तुकडे आणि गाड्यांच्या चाकांना ठोकतात ती वजनं. शिवाय मित्राने स्कूटरची मेलेली बॅटरी फुकट दिली. आईची बिडाची कढई माळ्यावर पडून होती, तिच्यात परवा नळाचा एक तुकडा वितळवून पाहिला. घरच्या गॅसवर पाच-सात मिनिटांत पाणी झालं, इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा कालच केलाय.

विचारायचं एवढंच: बॅटरी फोडायची कशी, साच्यात किती दिवसांनी ओतू, आणि कढई राखेने नीट घासून घेतली तर परत स्वयंपाकाला चालेल ना? आईला अजून सांगितलेलं नाही.

---

खाजनकर | १२ जून, रात्री ९:५८

पात्रांव, शेगडी बंद करा आधी. बॅटरी फोडायची नाही, त्या साच्यात ओतायचं नाही, कढई चालणार नाही. सविस्तर कोणीतरी लिहीलच.

---

ओतारी_६२ | १३ जून, सकाळी ७:१५

माशेलकर, मी एकतीस वर्षं ओतकामात काढली, आता निवृत्त. खाजनकरांनी थोडक्यात सांगितलं, मी जरा पाल्हाळ लावतो.

आधी साचा. तुम्ही काल केला म्हणता, म्हणजे जून महिन्यात, गोव्यात. इथं या दिवसांत मीठ पाणी होतं, पापड वातड होतात, आणि तुमचं प्लास्टर वाळलं? हाताला कोरडं लागलं तरी प्लास्टरच्या पोटात पाणी असतंच, ते त्याच्या घडणीतच बांधलेलं आहे. शिसं वितळतं ३२७ अंशांना, पाणी उकळतं १००ला. वरून शिसं पडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा करून घेते शिशाला वर उडवून. प्लास्टर भट्टीत तासन् तास भाजून वापरणारे आहेत, पण नवशिक्याने पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नये.

माझ्यासमोरची गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव नको. आषाढातली दुपारची पाळी. ओतायची पळी खुंटीला टांगलेली, वरचा पत्रा गळका. पळीच्या खोलगटात थेंब साठला होता, मोजून एखादा चमचाही नसेल. पोराने पळी काढली आणि न बघता तशीच मुशीत (शिसं वितळवायच्या भांड्यात) बुडवली. लवंगी फुटावी तसा आवाज झाला, बस. मी दोन हात लांब उभा होतो. वर बघितलं तर छताच्या पत्र्याला चांदीचे शिंतोडे, आणि खाली माझ्या डाव्या मनगटावर तीन. आजही तीन पांढरे डाग आहेत, मोजून दाखवीन. पोराने चष्मा लावला होता. चष्म्याच्या काचेवर बरोबर बुबुळासमोर एक थेंब गोठलेला होता. तो चष्मा त्याने कधी टाकला नाही.

म्हणून पळी, काठी, साचा, आणि वर टाकायचा प्रत्येक नवा तुकडासुद्धा आधी मुशीच्या काठावर ठेवून तापवून घ्यायचा. जुन्या नळाच्या पोटात पाणी अडकलेलं असतं, तेव्हा नळ उभा चिरून, उघडा करून मगच घ्यायचा. पडवीच्या कौलातून एक जरी थेंब गळत असेल तर त्या दिवशी काम नाही.

आता बॅटरी. तिच्यात तुम्हाला वाटतं तेवढं धातूचं शिसं नसतंच. अर्धाअधिक असतो तो शिशाच्या क्षारांचा आणि ऑक्साइडचा लगदा, आम्लात भिजलेला. फोडलीत की ती पूड अंगणात, विहिरीच्या कठड्यावर, चपलांच्या तळव्यांवर सगळीकडे जाते. पट्ट्यांत अँटिमनी, थोडंफार आर्सेनिकही असतं, आणि त्यांच्यापासून होणारे वायू जीवघेणे आहेत. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायची. नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात, तो तुमचा फायदा.

चाकांची वजनं चालतील, पण निवडून. त्यांत हल्ली जस्ताची आणि लोखंडाची पण येतात. लोखंड लोहचुंबकाने निघतं. जस्ताला कान लावायचा: फरशीवर टाका, शिसं 'थप्प' पडतं, जस्त 'टण्ण' वाजतं. शिवाय शिशाने कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. एखादं चुकून मुशीत गेलंच तर घाबरू नका, जस्त वितळायला ४१९ अंश लागतात. आच बेताची ठेवलीत तर ते तरंगत राहतं, झाऱ्याने काढून टाका. आच वाढवलीत तर मिसळून जाईल आणि मग सगळा माल भातासारखा गुठळ्यांचा होतो, साच्यात नीट बसत नाही.

कढईबद्दल लिहीत नाही. ज्यांनी लिहायला हवं ते लिहितील.

---

सूनबाई_शिरोडा | १३ जून, दुपारी १:३०

मी लिहिते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, रक्तातल्या शिशाचे रिपोर्ट हातांखालून जातात.

कढई गेली. घासून, चिंच लावून, राखेने, कशानेही परत येणार नाही. बीड खडबडीत असतं, त्याच्या छिद्रांत शिसं आणि त्याची पूड बसते. आणि तुम्ही त्यात कोकम घालून आमटी करणार! आंबट पदार्थ तर शिसं आणखी सोडवून घेतात.

लोकांना वाटतं धोका धुराचा आहे. ३५०-४०० अंशांना शिशाची वाफ फारशी होत नाही, खरा त्रास वरच्या सायीचा. तापलेल्या शिशावर जी पिवळट साय येते ते मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड), जुन्या वैद्यांना माहीत असलेलं. ती खरवडून काढताना जी बारीक पूड उडते ती नाकात जाते, बोटांवर बसते, बोटं विडीला, पावाला, पोराच्या गालाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: रक्तात शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि गरोदर बाईकडून शिसं बाळाकडे जातं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं म्हणतात ते खरं आहे, पण त्यातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथं दशकं राहतं.

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर पडवीतसुद्धा करू नका. नसेल तर उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन. अंगावर जुने सुती कपडे, टेरिकॉट नको, ते कातडीला चिकटून जळतं. ते कपडे वेगळे धुवायचे. काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर गरवणाऱ्या समस्त मंडळींना विचारते: तंगूसावर (गरीच्या नायलॉन दोरीवर) बसवायचे ते मधे चीर असलेले शिशाचे बारीक मणी तुम्ही कशाने दाबता?

---

शेवटो | १३ जून, दुपारी १:४४

दाताने. 🙈 गेली वीस वर्षं.

---

खाजनकर | १३ जून, दुपारी १:५०

मी पण. वर एक मणी गालात ठेवतो, हात मोकळे राहावेत म्हणून.

---

सूनबाई_शिरोडा | १३ जून, दुपारी २:०५

वाटलंच होतं. पक्कड घ्या, साठ-सत्तर रुपयांना येते. खाजनकर, तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या, चेष्टा करत नाही.

---

रानमाणूस_सत्तरी | १४ जून, सकाळी ८:२०

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरं कुळागरात (सुपारी-केळीच्या बागेत) शिरायची म्हणून. गोळ्या घरीच ओतायचे. परवा माळा साफ करताना साचा सापडला, अडकित्त्यासारखा, दोन दांड्यांचा, मिटला की मधे गोळीएवढी पोकळी. बंदूक केव्हाच जमा झाली. पण आमच्याकडे शेतीरक्षणाची परवान्याची एक बारा बोरची आहे आणि काडतुसांचे भाव बघता डोकं फिरतं. ओतून भरता येतील का घरी?

---

वकील_डिचोली | १४ जून, सकाळी १०:३५

नाही. आणि तुम्ही इथं उघड विचारलंत हे बरं केलंत, म्हणजे उघडच उत्तर देतो.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि ठरावीक संख्येत काडतुसं विकत घेण्याचा आहे, बनवण्याचा नाही. त्याच कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचा: नुसतं भरलेलं काडतूस नव्हे, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा तिच्यात येते. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दोन-चारशे रुपये वाचवायला ही फार महाग वाट आहे. आणि रानडुक्कर मारायचं म्हणाल तर १९७२चा वन्यजीव कायदा आहेच, शेतीरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे.

पणजोबांचा साचा आठवण म्हणून ठेवायचा असेल तरी गप्प बसून ठेवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्यांचं काम बघतात तिथं लेखी विचारा, उत्तराची प्रत घरात ठेवा.

---

रानमाणूस_सत्तरी | १४ जून, सकाळी ११:०२

समजलं. विचार सोडला. तसंही निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही. 😀 गेल्या खेपेला तेवढ्या दिवसांत अर्धी केळ गेली.

---

ओतारी_६२ | १४ जून, सकाळी ११:४०

साच्याचं वर्णन वाचून मजा वाटली. पूर्वी छर्रे पण असेच एकेक ओतायचे, नाहीतर पत्र्याचे तुकडे करून घोळवायचे. १७८२मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने पेटंट घेतलं ते साध्या गोष्टीचं: वितळलेलं शिसं चाळणीतून उंचावरून खाली पाण्यात सोडायचं, पडता पडता थेंब आपोआप गोल होतात. त्यासाठी त्याने म्हणे आपल्याच घराचे मजले वाढवले. घरातल्यांनी काय म्हटलं असेल!

---

संपादक | १४ जून, दुपारी १२:१०

धागा गरीच्या आणि जाळ्याच्या वजनांचा आहे. बंदुकीबद्दलची चर्चा वकीलसाहेबांच्या उत्तरावर थांबवावी. पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

---

शेवटो | १४ जून, रात्री ९:१५

मूळ विषयाकडे येतो. गरवेकर, मुळात शिसंच कशाला? मी खडकात गेली पाच-सहा वर्षं गाड्यांचे जुने स्पार्क प्लग लावतो. गॅरेजवाला डबाभर फुकट देतो. वायर अडकवायला जागा आयती. सळईचे तुकडे, गंजलेले नट, काहीही चालतं. अडकलं तर अडकलं, जीव हळहळत नाही.

दुसरं, वजन मुख्य दोरीला थेट बांधू नका. मधे बारीक, कच्च्या तंगूसाचा वीतभर तुकडा घाला. वजन अडकलं तर तोच तुटतो, गरी आणि मासा दोन्ही हातांत राहतात.

---

गरवेकर_माशेल | १४ जून, रात्री ९:५०

प्लगची कल्पना चांगली आहे. पण ओहोटीच्या ओढीत हलकं पडत नाही का? मानशीच्या तोंडाशी पाणी असं खेचतं की शंभर ग्रॅमही वाहून जातं.

---

लेथवाला_थिवी | १४ जून, रात्री १०:२०

हिशेब करून टाकू. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची ७.८७, साध्या दगडाची धरा २.७. खाऱ्या पाण्यात बुडवल्यावर १०० ग्रॅम शिशाचे ९१ ग्रॅम उरतात, लोखंडाचे ८७, दगडाचे ६२. म्हणजे वजनात शिसं आणि लोखंड यांत फारसा फरक नाहीच. फरक आकाराचा. तेवढ्याच वजनाचा लोखंडी गोळा शिशापेक्षा जवळजवळ दीडपट जागा घेतो, आणि पाण्याची ओढ लागते ती जागेला. त्यामुळे खडकात लोखंड, ओढीत शिसं.

साचा हवा असेल तर सांगतो. ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, गोल टोकाच्या (बॉल-एंड) कटरने दोन्हींत अर्धा अर्धा गोल, दोन खुंट्या म्हणजे ठोकळे सरकत नाहीत, वरून नरसाळ्यासारखं तोंड. २५ मिलिमीटरचा गोळा केलात तर शुद्ध शिशाचा ९३ ग्रॅम भरतो. २० मिलिमीटरचा फक्त साडेसत्तेचाळीस. पाच मिलिमीटरच्या फरकाने वजन दुप्पट होतं हे गिऱ्हाइकांना पटवताना माझा घसा बसतो. वायरच्या कडीसाठी खाच ठेवतो, पितळी तार घाला, लोखंडी तार खाऱ्या पाण्यात महिन्यात कुजते.

ओतायच्या आधी पोकळीला दिव्याची काजळी धरा. गोळा अलगद सुटतो.

---

पागकार_पेडणे | १५ जून, सकाळी ६:३०

पागेराची गोष्ट वेगळी आहे, सगळ्यांनी गरीचंच लावलंय.

पागेराला चाकांची वजनं अजिबात वापरू नका. त्यांत अँटिमनी असतं, शिसं कडक होतं. आपल्याला हवं मऊ, नखाने ओरखडा उठेल असं, म्हणजे नळाचं. कारण ते दोरीवर दाबून बसवायचं असतं. कडक असलं की दाबताना चिरतं आणि त्या चिरेच्या धारेवर दोरी कापली जाते. तुमच्या काकांची पन्नास शिशं गळली ती बहुतेक यामुळेच.

आमच्याकडे साचा म्हणजे अँगलचा तुकडा, दोन्ही तोंडं बंद केलेला. त्यात शिसं ओतून पट्टी करायची, थंड झाली की छिन्नीने बोटाच्या पेराएवढे तुकडे, मग ठोकून पातळ करून दोरीभोवती गुंडाळायचे. वडील मणी करायचे, मधे सायकलचा आरा घालून. आऱ्याला तेलाचा हात लावायचा आणि शिसं गोठल्याबरोबर, पण गरम असतानाच, फिरवून ओढून काढायचा. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला की आरा आतच. आमच्या परसात तसे दहा-बारा आरे अजून सापडतील. आजोबांच्या पागेराला तर भाजलेल्या मातीचे मणी होते, शिसं नंतर आलं.

आणि वजन सगळ्या घेराला सारखं हवं. एका बाजूला जड झालं तर पागेर गोल पडत नाही, तव्यावर फाटलेल्या घावनासारखा पडतो.

---

पक्षीवेडी_चोडण | १५ जून, सकाळी ९:४५

जरा कडू बोलते. तुम्ही म्हणता शिसं नदीला वाहिलं, पण ते तिथंच राहतं. पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतात, त्यांत बारीक शिशं जातात. इंग्लंडमध्ये राजहंस असे मरायला लागले म्हणून १९८७पासून लहान वजनांवर बंदी आहे, डेन्मार्कने २००२मध्ये पुढचं पाऊल टाकलं. आपल्याकडे चोडणचं सलीम अली अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आणि त्याच मांडवीच्या काठाने सगळे गरवायला बसतात. निदान ते बारीक मणी तरी सोडा.

---

खाजनकर | १५ जून, सकाळी १०:१५

ताई, मणी सोडले. रक्त तपासायच्या भीतीने का होईना.

---

गरवेकर_माशेल | २९ जून, रात्री ८:३०

दोन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः ओतारीकाकांचे. काका, काम करताना तुमचे तीन डाग डोळ्यांसमोर होते.

काय केलं ते सांगतो. बॅटरी दुकानात परत दिली. प्लास्टरचा साचा फोडला, आत बोट घातलं तर खरोखर थंड आणि ओलसर लागला, काटा आला अंगावर. थिवीच्या आपल्या मित्राकडून ॲल्युमिनियमचा साचा करून घेतला, २५ मिलिमीटरचा. घरात भाचा येऊन-जाऊन असतो, म्हणून पडवी बाद. माझ्या काकांच्या काजूच्या बागेत जुनं भट्टीचं छप्पर आहे, चारी बाजूंनी उघडं, तिथं गेलो. पाऊस उघडायची वाट बघत पाच दिवस गेले. शेवटी गेल्या बुधवारी लख्ख ऊन पडलं.

माल निवडला. अडीच किलो चाकांच्या वजनांतून लोखंड आणि जस्त मिळून नऊशे ग्रॅम निघालं! भंगारवाल्याने शिशाच्या भावात लोखंड विकलं मला. 'टण्ण' आवाज आता झोपेतही ओळखतो. नळाचं मऊ शिसं काकांच्या पागेरासाठी बाजूला काढणार होतो, पण काका म्हणाले आधी तुझं कर.

स्टीलचं जाड पातेलं, नवीन घेतलेलं. शिसं वितळलं तेव्हा आधी सगळं करड्या चिखलासारखं दिसत होतं. मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलं, भक्कन जाळ झाला, आणि जाळ विझल्यावर खाली आरसा! अक्षरशः. छपराचे वासे दिसत होते त्यात. दोन मिनिटांत परत पिवळी साय धरली. तीच मुरदाडशिंग असं मनात म्हणून श्वास रोखूनच बाजूला केली. ती एका पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवलीय.

पहिले चार गोळे सुरकुतलेले, वाळलेल्या आवळ्यासारखे. साचा थंड होता. ते परत पातेल्यात. पाचवा जरा बरा. सहावा उघडला तर गुळगुळीत, चकचकीत, काकासुद्धा वाकून बघायला लागले. प्रत्येकाच्या वर तोंडाशी एक खळगा पडत होता, मग तोंडावर थोडं जास्त शिसं उभं ठेवायला लागलो, गोठताना गोळा ते ओढून घेतो. पंचविसाव्याच्या पुढे साचा इतका तापला की गोळे पांढरट, दाणेदार यायला लागले, तेव्हा दहा मिनिटं बसून चहा प्यायलो. (सूनबाई, हात धुऊन. दोनदा.)

एकूण बत्तीस झाले. काट्यावर एकेक ९१ ग्रॅम. ९३ का नाही, लेथवाले?

---

लेथवाला_थिवी | २९ जून, रात्री ८:४१

चाकांच्या वजनातलं अँटिमनी. ते शिशापेक्षा हलकं. माझ्या साच्याला दोष देऊ नका. 😀

---

शेवटो | २९ जून, रात्री ८:५५

हिशेब सांगा हो. धाग्याचं नाव काय आहे?

---

गरवेकर_माशेल | २९ जून, रात्री ९:२०

सांगतो, हसू नका. भंगार ६८० रुपये. साचा ९००. हातमोजे आणि चष्मा ५५०. पातेलं २५०. दुकानात एवढ्या वजनाचं शिसं चाळीसला धरलं तर बत्तीसचे १,२८०. म्हणजे अकराशे रुपये खड्ड्यात. पण साचा आणि बाकीचं सामान राहिलंच, पुढच्या दोन खेपांत वसूल होईल असं मनाशी म्हणत होतो.

मग काल आई माळ्यावर चढली. चतुर्थीआधी भांडी काढायची म्हणून. कढई कुठं आहे विचारलं.

---

सूनबाई_शिरोडा | २९ जून, रात्री ९:२६

सांगितलंत ना खरं?

---

गरवेकर_माशेल | २९ जून, रात्री ९:३८

सांगितलं. ती आजीची कढई होती हे मला माहीत नव्हतं. आईने मोजक्याच शब्दांत ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आज सकाळी म्हापशाला जाऊन तिच्या पसंतीने नवी बिडाची घेतली, ८५०. जुनीवर लाल ऑइल पेंटने 'शिसं' असं लिहून काकांच्या छपरात नेऊन ठेवलीय, म्हणजे चुकूनही कोणी चुलीवर चढवणार नाही.

म्हणजे शेवटो, एकूण एक हजार नऊशे पन्नास रुपयांचा तोटा. आज संध्याकाळी मानशीवर दोन घेऊन गेलो होतो. एक दुसऱ्याच फेकीला अडकलं. दोरी ओढताना हात कापत होता, पण कच्च्या तुकड्याने काम केलं, गरी वर आली. दुसऱ्यावर पावणेदोन किलोचा तामसो लागला. आईने तो नव्या कढईत केला नाही, म्हणाली, आधी ती नीट तेल पिऊ दे.

---

पागकार_पेडणे | ३० जून, सकाळी ६:०५

आणि काकांचा पागेर?

---

गरवेकर_माशेल | ३० जून, सकाळी ७:१०

नळाचं मऊ शिसं सगळं गोळ्यांत गेलं. काका बोलत नाहीत माझ्याशी. तुमच्याकडे अँगलचा साचा आहे तो एखाद्या रविवारी मिळेल का?